प्रतीक्षायादीत पहिली

खोली क्रमांक दोनशे चौदामध्ये चाळीस खुर्च्या, खडूचे दोन फळे, सहा मिनिटं मागे असलेलं एक घड्याळ आणि एकेचाळीस विद्यार्थी होते. एकेचाळिसावी मी, काइसा लेहतो. मला खुर्ची नव्हती. मी खिडकीच्या कठड्यावर बसले होते, खाली हीटर होता आणि काचेबाहेर जानेवारीचा बर्फ आडवा पडत होता.

मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. जोडीला बिझनेसचा मायनर, म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम, घेतला होता. सहा विषय, त्यातले पाच झालेले. सहावा हा, ‘ऑपरेशन्स’ म्हणजे कामकाजाचं नियोजन, आणि तो भरलेला. आधी बिझनेसच्या मुलांना जागा मिळते, मग उरल्यासुरल्यात आम्ही — रसायनवाले, इतिहासवाले, संगीतवाले. प्रतीक्षायादीत माझा नंबर पहिला होता. सत्राच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत कुणी विषय सोडला, तर ती खुर्ची माझी. नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा यायचं. डुलुथच्या एका रंगकंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, पण पत्रात स्वच्छ लिहिलं होतं : जूनपर्यंत पदवी आणि मायनर, दोन्ही पूर्ण हवेत.

चार वर्षं मी पहाटे साडेचारला उठून मेसमध्ये अंडी उकडत होते. मला आणखी एक सप्टेंबर नको होता.

हीटर फार उबदार होता... गुडघ्याला काहीतरी टोचलं तेव्हा मी दचकले. पेन्सिल होती.

“ऊठ,” शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा कुजबुजला. “सर इकडेच बघतायत.”

“मी झोपले नव्हते.”

“अच्छा. म्हणजे जागेपणी घोरतेस.”

खिडकीलगतची ती चाळिसावी खुर्ची. त्याच्या स्वेटरवर वेताचे बारीक कीस पडलेले, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. बोटांवर कापल्याच्या खुणा होत्या, मी मोजल्या. सात.

“मांजर पाळलंयस?”

“नाही, ओबो वाजवतो. फुंकायचं वाद्य. तोंडाशी लावायची वेताची पत्ती स्वतःच तासावी लागते. सुरी सटकते.” त्यानं जांभई दाबली. “रोआन डेकर. संगीत, शेवटचं वर्ष.”

“ओबोवाला इथे कशाला?”

“आईसाठी. तिच्या मते ओबोनं पोट भरत नाही, मायनरनं भरतं.”

मी पुढे वाकले. “सोडतोयस का मग?”

“काय?”

“खुर्ची.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. “आज नाही,” तो म्हणाला.

तास सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला असायचा. बुधवारी मी पुन्हा विचारलं, शुक्रवारी पुन्हा. प्रत्येक वेळी तेच उत्तर — आज नाही. पण पुस्तक तो आता कठड्याच्या कडेला ठेवायचा, मला दिसेल असं. मला डुलकी लागली की पेन्सिल यायची. त्याला लागली की मी बुटानं खुर्ची ढकलायचे. दोघांपैकी एक जण जागा असला म्हणजे पुरे, असं आमचं न बोलता ठरलं होतं.

दुसऱ्या सोमवारी प्रोफेसर ब्रॅडॉक रांगांबद्दल शिकवत होते. बँकेतली रांग, दवाखान्यातली रांग. तासाला किती येतात, किती सुटतात, त्यावरून थांबण्याचा वेळ काढायचा. रोआननं वहीच्या कडेला काहीतरी लिहून वही माझ्याकडे सरकवली.

‘तुझी रांग : येणारे एक, सुटणारे शून्य. थांबण्याचा वेळ अनंत.’

मी खाली लिहिलं, ‘चूक. शुक्रवारी संपतो.’

त्यानं वाचलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत बसला.

बुधवारी मी मेसमधून दोन उकडलेली अंडी आणली. तास सुरू व्हायच्या आधी आम्ही ती हीटरवर ठेवून पुन्हा गरम केली. सोलताना पुडीतलं मीठ त्याच्या जखमांना झोंबलं.

“आई गं... हे खाणं आहे की प्रयोग?”

“दे इकडे. ओबोवाल्यांना अंडंही सोलता येत नाही.”

“आम्हाला सोलून देणारं कुणीतरी लागतं.”

मी अंडं त्याच्या हातावर ठेवलं. माझी बोटं तिथे गरजेपेक्षा थोडी जास्त राहिली. दोन सेकंद असतील... तीन.

“काइसा,” तो म्हणाला, “मी शुक्रवारी सोडतो. तास संपला की.”

“खरंच?”

“अगदी खरं.”

“मग आज का नाही?”

“आज अंडं खातोय ना.”

त्या दिवशी दुपारच्या प्रयोगात मी तीनदा ब्युरेटच्या नळीवरचा आकडा चुकीचा वाचला.

गुरुवारी दुपारी मी नोंदणी कार्यालयात गेले, नुसती खात्री करायला. खिडकीमागे मिसेस पेल्टोला होत्या, गळ्यात चष्म्याची साखळी.

“शुक्रवारी?” त्या म्हणाल्या. “अगं पोरी, यादी दिवसातून एकदाच सरकते, मध्यरात्री. या सत्रात शेवटची आज सरकणार. उद्या कुणी खुर्ची सोडली तर ती रिकामी राहील, पण तुला मिळायची नाही. दरवर्षी चारपाच जण असंच समजून येतात आणि इथे रडतात. रुमाल देऊ?”

“नको. अजून नको.”

माझ्याकडे त्याचा नंबरही नव्हता. मी धावत संगीताच्या इमारतीत गेले आणि एकेका सरावखोलीच्या काचेतून डोकावत सुटले. सहाव्या खोलीत तो होता. मी आत शिरले तसा सूर मध्येच तुटला.

“आजच सोडावी लागेल,” मी धापा टाकत म्हणाले. “यादी उद्या सरकतच नाही. आज सोडली नाहीस तर ती खुर्ची कुणाचीच नाही.”

त्यानं ओबो खाली ठेवला. “मला माहीत नव्हतं. शप्पथ...”

“तुला सोडायचीच होती ना? मग इतके दिवस काय करत होतास? कधी ठरवलंस?”

तो ओबोकडे बघत राहिला. “पहिल्या सोमवारी.”

“काय?”

“आठ वाजून दहा मिनिटांनी. सरांनी पाठ्यक्रम वाटला तेव्हाच ठरवलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. तास संपल्यावर जाऊन नाव काढणार होतो. पण मग कठड्यावर कुणीतरी घोरायला लागलं.”

“रोआन, माझी नोकरी टांगणीला लागली होती!”

“मला वाटलं शुक्रवारी सोडली तरी तुला मिळेल. सहा तास होते. मला सहाही हवे होते. सोडल्यावर तुझ्या शेजारी बसायला माझ्याकडे काय कारण उरलं असतं?”

मला ओरडायचं होतं. पण पहाटे साडेचारपासून जागं असलेल्या माणसाच्या अंगात ओरडण्याइतकं त्राण नसतं. मी जमिनीवर बसले, भिंतीला टेकून.

“विचारायचं होतंस. मी आले असते... कुठेही. फक्त बसायला मिळालं असतं तरी.”

त्यानं फोन काढला. विषय सोडायचं बटण दाबायच्या आधी त्यानं आईला फोन लावला. मी उठायला लागले, तर त्यानं हातानं खुणावलं — बस.

“आई, मी मायनर सोडतोय... नाही, आजारी नाही... हो, पोटाचं बघीन... नाही आई, कुणाच्या नादानं नाही. आधीच ठरवलं होतं.” मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. कान लाल झाले होते. “मला झोप हवी आहे गं,” एवढंच शेवटी म्हणाला.

फोन ठेवून त्यानं बटण दाबलं आणि फोनची स्क्रीन माझ्यापुढे धरली. चाळीसपैकी एकोणचाळीस.

“माझ्यावर चिडली आहेस?”

“खूप.”

“किती दिवस?”

“बघते. उद्या विचार.”

शुक्रवारी पहाटे ईमेल आलेली दिसली : जागा मिळाली. आठ वाजता मी चाळिसाव्या खुर्चीवर बसले. खुर्ची लाकडी होती, गार होती, आणि पन्नास मिनिटं मला पेन्सिल टोचायला कुणी नव्हतं. मी एकदाही झोपले नाही.

बाहेर आले तर तो पायऱ्यांवर उभा होता, ओबोची पेटी काखेत, पापण्यांवर बर्फ.

“कधीपासून उभा आहेस?”

“आठपासून. सवय लागली.” त्यानं घसा खाकरला. “अजून चिडली आहेस?”

“थोडी.”

“काइसा, तू मला आवडतेस. कठडा नसला तरी.”

मी हातमोजा काढला आणि त्याच्या खिशात हात घातला. आत त्याचा हात होता, खरबरीत आणि गार.

“मलाही,” मी म्हणाले. “सरावाला उशीर होतोय ना तुला? चल, सोडते.”

बिझनेसच्या इमारतीपासून संगीताच्या इमारतीपर्यंत सहाशे दहा मीटर अंतर आहे. तापमान उणे चौदा होतं. आम्हाला बावन्न मिनिटं लागली.