फेतूची जागा

त्या रविवारी माझं काम अगदी साधं होतं. ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावाबाहेरच्या शेतावर जायचं, तिथली व्हॅन घ्यायची, सामोअन कामगारांना गावातल्या चर्चमध्ये न्यायचं आणि जेवणाच्या वेळेला परत आणून सोडायचं.

मी प्रसाद रणपिसे, मूळचा नगरचा. धर्मशिक्षण ऑकलंडला झालं आणि हेन्डरसनच्या आमच्या चर्चच्या मंडळीनं मला या लोकांमध्ये सेवेला धाडलं. ही माणसं हंगामापुरती येतात, फ्लॉवर-कोबी कापतात आणि परत आपल्या बेटावर जातात. त्यांच्यासाठी मी प्रार्थना घ्यायचो, जुनी ब्लँकेटं आणि गमबूट गोळा करून द्यायचो. कुणाचा दात दुखला तर त्याला डॉक्टरकडे न्यायचो.

त्यांची राहायची जागा म्हणजे जुना गोठा. आत प्लायवूड ठोकून खोल्या केलेल्या. भिंतींवर काळी बुरशी. दारातून आत पाऊल टाकलं की ओल्या लोकरीचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास नाकात बसायचा, तो घरी जाऊन अंघोळ केली तरी जायचा नाही.

त्यांच्यात फेतू नावाचा एक तरणाबांड गडी होता. आडदांड, हसरा, पण गाडी लागायची त्याला. म्हणून व्हॅनमध्ये तो नेहमी पुढे, माझ्या शेजारी बसायचा. मी सामोअन स्तोत्र म्हणायला लागलो की माझे उच्चार ऐकून गुडघ्यावर थापा मारत हसायचा.

तो फेतू आदल्या पंधरवड्यात गेला. छातीत कफ भरला होता, अंगात ताप होता. शेतावरचा सुपरवायझर पुरुषोत्तम. आपलाच, सांगलीकडचा. विद्यार्थी म्हणून आला होता, आता इथलाच झालेला. कामगारांचा म्होरक्या इओसेफा रात्री फेतूला डॉक्टरकडे न्यायला त्याच्याकडे व्हॅनची चावी मागायला गेला. पुरुषोत्तमनं पॅनाडॉलच्या, तापावरच्या गोळ्या दिल्या. सोमवारी सुपरमार्केटचा ट्रक येणार होता, तोवर माल कापून व्हायला हवा होता. वर सांगितलं, जो कुणी परस्पर ॲम्ब्युलन्स बोलवेल त्याला पुढच्या हंगामाला यायला मिळणार नाही. शेवटी इओसेफानं बोलावलीच. पण तोवर पहाट झाली होती, धुकं पडलं होतं आणि फेतूचे ओठ निळे झाले होते.

मला हे सगळं नंतर कळलं. मी मंडळीच्या कमिटीपुढे गेलो. शेताचे मालक आमच्या मंडळीचे मोठे आधार. वडीलधारे म्हणाले, “प्रसाद, तुला आत्म्यांसाठी पाठवलंय. तेवढं बघ.”

तर, तो रविवार. शवपेटी सामोआला रवाना झाली होती. धुकं इतकं दाट की शेताची तांबडी माती चार पावलांपुढे दिसत नव्हती. माणसं पांढरे शर्ट घालून व्हॅनपाशी उभी होती. सगळे मागे दाटीवाटीनं बसले. पुढे कुणीच येईना.

“इओसेफा, पुढे या ना.”

त्यानं नुसती मान हलवली.

मी गाडी सुरू केली आणि टिंग… टिंग… टिंग… सुरू झालं. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की ती व्हॅन तसा आवाज करते. सीट रिकामी होती. मी हात फिरवला. काही नव्हतं.

आवाज ऐकून पुरुषोत्तम त्याच्या केबिनमधून बाहेर आला. “काय रे पाद्री, सकाळी सकाळी काय लावलंयस?”

“पुरुषोत्तमदादा, थांबतच नाहीये.”

“सेन्सर गेला असणार. सरक, मी चालवतो. तसंही मला गावात जायचंय.”

मी मागे इओसेफाजवळ बसलो. रस्ताभर तो आवाज डोक्यात घण घालत होता. शेवटी पुरुषोत्तम वैतागला. एका हातानं स्टिअरिंग धरून त्यानं शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खट्‌कन अडकवला. आवाज थांबला. “बघ,” तो म्हणाला, “एवढंच तर होतं.”

मागे कुणी हसलं नाही. सगळे त्या पट्ट्याकडे बघत होते. मीही बघितलं.

पट्टा सैल पडलेला नव्हता. तो ताणलेला होता, सीटपासून वीतभर पुढे. आणि तो हलत होता. हळूच वर यायचा… अडखळायचा… खाली जायचा. धुक्यामुळे काचा बंद होत्या, आत आमच्या श्वासांची वाफ साचली होती. त्या शांततेत एक बारीक घरघर ऐकू यायला लागली. पिठाच्या पिशवीतून वारा निघावा तशी.

पुरुषोत्तमनं वेग कमी केला. हात लांबवून त्यानं त्या रिकाम्या जागेत तळवा टेकवला. तो तळवा हवेतच थांबला, कशावर तरी टेकल्यासारखा. माझ्याकडे न बघता तो मराठीत पुटपुटला, “प्रसाद… हा तापानं भाजतोय रे.”

इओसेफा माझ्या कानाशी वाकला. “पास्टर, त्याला चर्चला नाही जायचं.”

“मग कुठे?”

“डॉक्टरकडे.”

मी पुरुषोत्तमला सांगितलं. चर्च आलं, पांढरे कपडे घातलेली बायकामाणसं दारात हात हलवत होती. त्यानं गाडी तशीच पुढे काढली आणि गावातल्या दवाखान्यासमोर उभी केली. रविवार. दवाखाना बंद. दाराच्या काचेआड अंधार होता.

पट्टा एकदा वर आला. मग फार वेळ खाली गेलाच नाही. आणि मग एकाएकी सैल झाला, बकल आपोआप सुटलं आणि पट्टा सरसर गुंडाळून जागेवर गेला.

मागे कुणीतरी हुंदका दिला. मी बाजूच्या दाराकडे बघत होतो. ते उघडलं नव्हतं.

“सेन्सर खराब आहे,” पुरुषोत्तम म्हणाला. “उद्या दुरुस्त करून घेतो.” त्याचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

त्यानंतर मी वर्तमानपत्राला फोन केला, कामगार खात्याला कळवलं. खात्याची माणसं आली, तोपर्यंत गोठ्याला आतून पांढरा रंग लागला होता. मालकांनी फेतूच्या नावानं सफरचंदाचं झाड लावलं, झाडाचा फोटो चर्चच्या भिंतीवर लागला. मला विश्रांतीची गरज असल्याचं कमिटीनं ठरवलं. हंगाम संपला, माणसं परत गेली. मी आता हेन्डरसनला एका गोदामात काम करतो. रविवारी झोपतो.

मागच्या महिन्यात स्नेहलतावहिनींचा फोन आला. पुरुषोत्तमच्या बायकोचा. “भावजी, तुम्ही येऊन जाल का? इथे मी दुसऱ्या कुणाला सांगू…”

दिवेलागणीच्या सुमारास पोचलो. देवघरात समई तेवत होती, उदबत्तीचा वास होता. पुरुषोत्तम मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. नोकरी सुटलेली. अंगानं निम्मा झाला होता.

“रोज या वेळेला सुरू होतं,” वहिनी कुजबुजल्या.

आणि तो बोलायला लागला. हळू, आदबीनं, सराईतपणे. सामोअन भाषेत. शेतावर इतकी वर्षं काढून जो माणूस नमस्काराचं साधं ‘तालोफा’ म्हणाला नव्हता तो. मध्येच थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा, पुन्हा बोलायचा.

मला मोजकेच शब्द कळतात. मी इओसेफाला त्याच्या बेटावर फोन लावला आणि फोन दारातून आत धरला. तो बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्याकडे कुठेतरी कोंबडे आरवत होते.

“हा फेतूचा आवाज नाही,” शेवटी तो म्हणाला. “पण बोलणं त्याचंच आहे. तो ओळख करून देतोय. आमच्यात माणसाची ओळख गावावरून देतात. हा अमक्या गावचा, हा तमक्या गावचा…”

“कुणाची ओळख?”

“त्या शेतावर राहिलेल्यांची, जिवंत न परतलेल्यांची. काही गावं आमच्याकडची आहेत. काही टोंगाची असावीत. काही मला माहीत नाहीत.” त्याचा आवाज खाली आला. “इतके लोक होते, पास्टर?”

आत पुरुषोत्तमनं एक शेवटचं नाव घेतलं आणि गप्प झाला, मान खाली घालून.

“आणि हे? हे शेवटचं गाव कुठलं?” इओसेफानं विचारलं. “मी कधी ऐकलं नाही.”

वहिनींनी पदर तोंडावर दाबून धरला होता.

“बोरगाव,” त्या म्हणाल्या. “ते यांचं.”