डोक्यावरचा समुद्र

"हलू नका हं! अजिबात हलू नका!"

मी कसली हलतेय! जिन्याच्या वळणावर भिंतीला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून उभी होते आणि माझ्या नाकासमोरून सोफ्याएवढी लांब काचेची पेटी वर चालली होती. खालून चार माणसं धापा टाकत होती आणि पाचवा उलट्या पावलांनी जिना चढत होता. वळणावर पेटी अडकली. आता त्याच्या आणि माझ्या मध्ये फक्त काच होती.

काचेपलीकडून त्यानं माझ्याकडे पाहिलं. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे मात्र हसणारे.

"श्वास घेतलात तरी चालेल," तो म्हणाला.

मी रोखलेला श्वास सोडला. काचेवर वाफेचा ठिपका उमटला.

"काय आहे हे?"

"समुद्र."

"आणि तो… कुठे ठेवणार?"

"सगळ्यात वरच्या मजल्यावर. तुम्ही कुठे राहता?"

"त्याच्या बरोब्बर खाली," मी म्हटलं.

दादा मला लहानपणापासून भागूबाई म्हणतो. भित्री भागूबाई. त्यात मला नोकरी मिळाली ती विमा कंपनीत, पाण्यानं झालेल्या नुकसानीचे दावे तपासायची. रोज लोकांची फुगलेली दारं, ओल्या भिंती आणि कोसळलेली छतं पाहायची. एका घरात छताचा भलामोठा तुकडा थेट पलंगावर पडला होता. पलंग तेव्हा रिकामा होता म्हणून बरं. पण त्या उशीवरची खडी मी पाहिली होती, आणि त्या रात्रीपासून अंथरुणावर पडलं की माझी नजर आधी छताकडे जायची. आता तर तिथे समुद्र येऊन बसला होता!

दुसऱ्याच संध्याकाळी मी जीव मुठीत धरून वर गेले.

"भांडायला आलात?" दार उघडत त्यानं विचारलं.

"विचारायला आलेय. भांडण उत्तरावर अवलंबून आहे."

तो हसत बाजूला झाला. दिवाणखान्यात पडदे ओढलेले होते, कारण ऊन लागलं की पाण्यात शेवाळ माजतं. भिंतीलगत लाकडी कपाटावर ती टाकी, आत खारं पाणी आणि दगडांची रास. मासा एकही नाही. कोपऱ्यातल्या जुन्या छोट्या टाकीत मात्र नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी दाटीवाटीनं फिरत होती.

"यांना का नाही सोडलं मोठ्या घरात?"

"ते पाणी अजून कच्चं आहे. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढायला हवेत, माशांची घाण पचवणारे. तोवर थांबायचं. महिना, कधी दोन महिने."

"आणि वजन?"

"खाली तुळई आहे. इमारतीच्या इंजिनिअरला विचारूनच जागा ठरवली."

"आणि वीज गेली तर? पंप बंद पडला तर हे सगळं पाणी…"

 तो टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून खाली बसला. आत आणखी एक टाकी होती, अर्धीच भरलेली. वरचं पाणी ओसंडून तिच्यात उतरत होतं आणि पंप ते पुन्हा वर ढकलत होता. तिच्या काचेवर त्यानं लाल चिकटपट्टी लावली.

"पंप थांबला की थोडं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. पण नळीच्या वरच्या टोकाला, पाण्याच्या पृष्ठभागालगत, एक बारीकसं छिद्र आहे. पाणी त्याच्याखाली गेलं की नळीत हवा शिरते आणि येणं थांबतं. लाल पट्टीच्या वर पाणी येणार नाही. करा बटण बंद."

"मी?"

"भीती तुमची. मग बटण कोण दाबणार?"

मी डोळे किलकिले करून बटण दाबलं. गुरगुर थांबली. खालचं पाणी चढायला लागलं… चढलं… चढलंच… मी नकळत त्याची बाही पकडली. वर नळीनं 'सुर्र' करून हवा ओढली आणि पाणी पट्टीच्या खाली निमूट थांबलं.

"जिवात जीव आला?"

"थोडासा. पुढच्या रविवारी पुन्हा बघते."

"रोज या की," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

तो इस्पितळात डायलिसिसच्या मशीनवर काम करायचा. दिवसभर माणसांचं रक्त गाळायचं आणि घरी येऊन माशांचं पाणी जपायचं. मी दर रविवारी वर जायचे, बटण बंद करायचे, पट्टी पाहायचे. मग कॉफी व्हायची. नारिंगी जोडी नव्या घरात गेली, दगडांवर जांभळी, हिरवी प्रवाळं रुजली. शेवाळ खायला गोगलगाई आल्या. त्यांतली सर्वांत लठ्ठ काम न करता नुसती मिरवायची, म्हणून तिचं नाव मुकादम.

"हात घाला ना पाण्यात," तो चिडवायचा.

"काही चावलं तर?"

"मी आहे ना…"

तो आहे, हीच तर नवी भीती होती! रविवारी तो ओल्या हातानं केस मागे सारायचा आणि माझं पट्टीकडे लक्षच राहायचं नाही. मग घरी जाऊन अंथरुणावर पडलं की वरून येणारी ती गुरगुर कान टवकारून ऐकत बसायचे. छत टिकेल ना? आणि हा माणूस… हा जाणार तर नाही ना कुठे? दोन्ही भीती एकमेकींत अशा गुंतल्या की झोपेचं खोबरं झालं. शेवटी मी दादाला सांगितलं, दुसरं घर बघ. एकच अट, डोक्यावर कोणी नको.

दादानं खरंच घर शोधलं. पुढच्या रविवारी मी वर गेले, बटणाला हातही लावला नाही.

"मी… घर सोडतेय."

त्याच्या हातातला कप तिथेच थांबला. "छतामुळे?"

मी मान डोलावली. अर्धं खोटं होतं ते. अडीअडचणीला असावी म्हणून त्यानं दिलेली चावी मी पुढे केली. त्यानं ती परत माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"जाईपर्यंत ठेवा," एवढंच म्हणाला. हात मात्र जरा उशिरा सोडला.

सामान बांधत होते त्या संध्याकाळी वीज गेली. वरची गुरगुर थांबली. मी थांबून ऐकलं. थोड्या वेळानं छतातून उतरणाऱ्या पाइपजवळ काहीतरी चमकलं आणि माझ्या मनगटावर थेंब पडला. जिभेला लावून पाहिला.

खारट!

माझी पाचावर धारण बसली. त्याला फोन लावला, उचलला नाही. पेशंट मशीनवर असला की त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. पाय म्हणत होते, खाली पळ, रस्त्यावर जा. पण वर ती नारिंगी जोडी होती… आणि त्याचा सगळा जीव त्या टाकीत होता. मी चावी घेऊन वर धावले.

मोबाइलच्या उजेडात पाहिलं, लाल पट्टी पाण्यात केव्हाच बुडाली होती. पाणी काठावरून फरशीवर वाहत होतं आणि जवळच विजेचा बोर्ड होता. आता वीज आली तर? धावत जाऊन आधी घराचा मेन स्विच पाडला. मग स्टुलावर चढले. नळीतलं ते छिद्र पाण्याच्या वर आलं होतं, पण त्याच्यावर ठाण मांडून बसला होता मुकादम!

"अरे मेल्या, आजच काम करायचं सुचलं तुला?"

छिद्र मागच्या कोपऱ्यात होतं. वर दिव्याची पट्टी आडवी होती, त्यामुळे प्रवाळांमधून कोपरापर्यंत हात बुडवल्याशिवाय तिथे पोचता येणार नव्हतं. मी डोळे मिटले… आणि घातला. काहीतरी मऊ, जिवंत दंडाला चाटून गेलं. किंचाळले, पण हात मागे घेतला नाही. मुकादमला उपटलं. नळीनं 'सुर्र' करून हवा ओढली आणि पाणी थांबलं.

मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण पंप बंद म्हणजे माशांना हवा नाही, हे त्यानंच शिकवलेलं. मुकादमला कपात पाणी घालून ठेवलं आणि स्वयंपाकघरातला मग घेऊन टाकीतलंच पाणी काढून उंचावरून टाकीत ओतत राहिले. मासे तळाशी निपचित होते. "मरू नका रे," मी म्हणत होते, "मी जायच्या आधी तरी नको."

धाडकन दार उघडलं. टॉर्चच्या उजेडात तो उभा, धापा टाकत.

"फोन पाहिला आणि… तू ठीक आहेस ना? लागलं नाही ना कुठे?"

तो आधी माशांकडे गेला नाही. सरळ माझ्याकडे आला आणि माझा ओला, गारठलेला हात दोन्ही हातांत धरला.

"वीज आली की लगेच लाव पंप," मी रडत म्हटलं.

"वीज…" त्यानं पडदा सरकवला. समोरची प्रत्येक खिडकी उजळलेली होती. "केव्हाच आलीये. हे एकच घर अंधारात आहे."

मेन स्विच! माझी मान शरमेनं खाली गेली. तो हसायला लागला, मग मीही. हसता हसता त्याचा आवाज बदलला.

"ऐक… ती चाचणी एकदाच करायची असते. दर रविवारी कोणी करत नाही. तू यायचं थांबशील म्हणून बोललो नाही. आणि तू खाली जागी असशील या भीतीनं मीही वर जागाच असायचो. आवडतेस तू मला, फार."

"मला पहिल्याच रविवारी पटलं होतं," मी म्हटलं. "पट्टी बघायला येतच नव्हते मी."

"मग जातेस कशाला?"

हातातला मग मी खाली ठेवला. छाती इतकी धडधडत होती की हात घालताना तेवढी धडधडली नसेल. "दादाला फोन करायचाय. मला दुसरं घर पसंत पडलंय. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर कोणी नाही."

त्याचा चेहरा पडला. "कुठे?"

"याच इमारतीत. थोडी ओल आहे तिथे… आणि मालक जरा उशिरा घरी येतो."

त्याला कळायला क्षण लागला. मग त्यानं हळूच विचारलं, "भीती नाही वाटणार?"

"वाटणार ना. रोज वाटेल. पण खाली एकटीनं ऐकत बसायची नाहीये मला ती. इथे, तुझ्याशेजारी बसून घाबरेन."

मेन स्विचपर्यंत जाताना त्यानं माझा हात सोडला नाही. "तूच दाब," म्हणाला. माझं बोट अजून थरथरत होतं. त्यानं आपलं बोट वर ठेवलं, तेही थरथरतच होतं. टाकीत निळा उजेड पसरला, पंप गुरगुरला आणि नारिंगी जोडी तळातून हळूहळू वर आली.