बदलीचा माणूस

कंदिलाची वात जरा खाली करा अन् जवळ सरका. युसूफमियां आमच्या वडिलांच्या बसण्याउठण्यातले. त्यामुळं ही गोष्ट ऐकीव असली तरी उडती नाही.

निजामाचं राज्य होतं, तिकडं जर्मनीची पहिली लढाई चालू होती. युसूफमियां सरकारातून जुन्या शिलालेखांचे ठसे घेत फिरायचे. दगडावर ओला कागद चढवायचा, कुंच्यानं ठोकून अक्षरांत बसवायचा, वर शाई लावायची अन् वाळला की सोडवून घ्यायचा. पावसाळा संपल्यापासून त्यांचा मुक्काम बैलगाडीतच होता. अंगात बारीक ताप मुरलेला. आपल्या जागी दुसरा माणूस द्या म्हणून वर कळवून झालं होतं. कुणी आलं नव्हतं.

पौषातल्या अवसेच्या आदल्या दिवशी ते उमापूरच्या पुढं, गोदाकाठच्या पांढरीवर पोचले. कधीकाळी तिथं गाव नांदत होतं. आता नुसतं टेकाड, खापरांचा खच अन् वेशीचे दोन दगडी खांब. एका खांबावर लेख होता. खालच्या मळ्यातल्या केशरबाईनं त्यांना पाणी दिलं.

"दिस हाय तवर उतरा, भाऊ. अन् अंधारात कुनी काय इचारलं, तर हो म्हनू नका."

"कोन इचारतंय?"

"वेशीवरचा राखणदार." एवढं बोलून ती कामाला लागली.

मियांना हसायचंही त्राण नव्हतं.

थंडीत कागद वाळेना. गाडीवान धुळाजी बैलांना पाणी दाखवायला नदीवर उतरला. दिवस मावळला. मियां खांबाला टेकून बसले अन् त्यांचा डोळा लागला. उघडला तेव्हा अंधार पडला होता, अन् पलीकडच्या खांबाशी कुणीतरी उभं होतं.

धुळाजी असेल, म्हणून ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात खालून, नदीकडून, बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. धुळाजी अजून खालीच होता.

"लई वेळ लावला," पलीकडून आवाज आला. शिणलेला आवाज, दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाचा.

मियां सावरून बसले.

"रातंदिस उभा हाय मी. बसाया मिळत न्हाई." खांद्यावरचा जड दांडा उतरवून दगडावर टेकल्यासारखं वाजलं. "तू बदलीवर आलास ना?"

खरं तर मियांनी भ्यायला हवं होतं. पण त्यांना त्याची कीव आली. बदलीचा माणूस येतोय का, म्हणून आपणही किती संध्याकाळी रस्त्याकडं बघत बसलो... हो म्हणावं. त्याला बसू द्यावं. दुसरं काय मागतोय...

तो जवळ आला. पाय वाजले नाहीत.

"सांग की. आलास ना?"

मियांचं तोंड उघडलं. शब्द ओठावर आला...

"मियां... ओ मियां, कुठं हायसा?" खालून धुळाजीची हाक.

"न्हाई," मियां म्हणाले. कसंबसं. "मी न्हाई. मला घरी जायाचंय."



मग अगदी कानाशी, हळू...

"मग कोन येनार?"

मियां उठले. कागद दगडावर तसाच राहिला. धडपडत, खापरांवरून घसरत ते उतरले. मागं कुणी आलं नाही. धुळाजीनं त्यांचं तोंड बघितलं अन् गाडी जुंपली.

बीडला घरी पोचल्यावर त्यांची बायको जरीना अंगाला तेल लावायला बसली. खांद्याशी तिचा हात थबकला.

"हे कधी झालं जी?"

उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. जाड, पिवळट, टणक. वर्षानुवर्षं जड दांडा खांद्यावर वागवणाऱ्याला पडतो तसा. मियांनी उभ्या जन्मात कुंच्याहून जड काही पेललं नव्हतं.

तो घट्टा शेवटपर्यंत गेला नाही. आमच्या वडिलांनी स्वतः त्यावर बोट दाबून पाहिलं होतं. मियांना कळलंसुद्धा नाही.