मधल्या पट्ट्यात अडलेली सायकल

पहिल्याच दिवशी पद्माने त्याला भित्रा ठरवून टाकलं.

साल पंचाहत्तर. पुणे-मुंबई हमरस्त्यावरचा कासारवाडीजवळचा चौक... ना सिग्नल, ना हवालदार. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारी पद्मा पलीकडच्या कडेला लिंबाखाली स्टॉपवॉच घेऊन बसायची. धावत्या गाड्यांत केवढी फट मिळाली की माणूस रस्ता ओलांडतो, ते मोजायची. कारखान्याची शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा यायचा. अर्धा रस्ता ओलांडून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमधल्या रुंद पट्ट्यात टेकायचा, मग उरलेला अर्धा. कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी सगळे सुखरूप पार. बाई गं, हे चालतं तरी कसं! रोज बघूनही तिचं मन भरत नव्हतं.

एकटा तो मात्र... निळ्या सदऱ्यातला, पट्ट्यात आला की खिळल्यासारखा उभा. समोरचा रस्ता पार मोकळा झाला तरी हलेल तर शपथ. मागच्या सायकली त्याच्यापायी तुंबायच्या.

हिशेब वाईट आला. चौकाला ही गर्दी झेपत नाही असं दिसत होतं. असंच निघालं तर पट्ट्यातून जाणारी मधली वाट बंद करा म्हणून सरकारला कळवावं लागेल, असं कॉलेजातले सर म्हणाले. म्हणजे या सगळ्यांना रोज केवढा वळसा. पद्माचा जीव तळमळला. त्या संध्याकाळी ती तरातरा पट्ट्यातच जाऊन उभी राहिली.

नाव विचारलं. मधुसूदन, कंपनीत टूलरूमला होता. तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं — तुमच्यापायी वाट बंद होईल, गाड्यांची एवढी भीती वाटते तर...

"गाड्यांची नाही वाटत," तो हँडलकडे बघत म्हणाला. "पलीकडे गेलं की तुम्ही पाठीमागे राहता. इथून... समोर दिसता."

ट्रकचे भोंगे वाजत होते, पण पद्माला काही म्हणजे काही ऐकू येईना. सगळं जग घराकडे पळत असताना कुणीतरी रोज आपल्यासाठी थांबत होतं. तिला भरून आलं.

"उद्या थांबायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "मला पुन्हा मोजायचंय."

"आणि मग?"

"मग काय... लिंबाखाली सावली आहे की."

दुसऱ्या दिवशी मधुसूदन पट्ट्यात टेकला आणि पहिल्याच फटीत सुटला. त्याच्यामागे अख्खी शिफ्ट झरझर वाहून गेली. चौकाला गर्दी झेपत होती, अगदी सहज. वाट आता कुणी बंद करणार नव्हतं.

सायकल लिंबाला टेकवून त्याने विचारलं, "किती वेळ लागला मला?"

पद्माने स्टॉपवॉचकडे पाहिलं. बाकी सगळ्यांची नोंद झाली होती, त्याच्या वेळी मात्र बटण दाबायचंच राहिलं होतं.

"तुम्हाला मोजलंच नाही," ती म्हणाली. "बघतच राहिले."