मेधाच्या खुर्चीतला मंगळवार

पटत नसेल तर पुढे सरका. पण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. गाव सांगतो, मतदारसंघ सांगत नाही.

धार. मंगळवार, २ जुलै २०२४. दुपारचे तीन.

मी अजेय मुजुमदार. बावीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. भिंती रंगवल्या, बूथ सांभाळले, लाठ्या खाल्ल्या. आणि तिकीट मिळालं मेधाला. माझ्या धाकट्या भावाची, नीलकंठची बायको. देवासची. कॉलेजात शिकवायची, पक्षाच्या ऑफिसची पायरीही कधी चढली नव्हती.

निवडून आली.

जळलो मी. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे मयताच्या तिसऱ्या दिवशी उठावना असतो, लोक जमून बसतात. आमदाराला, इकडच्या भाषेत विधायकाला, हमखास बोलावणं येतं. मेधा एकही उठावना चुकवत नसे. मला त्याचासुद्धा हेवा वाटायचा.

त्या दिवशी ती अधिवेशनासाठी भोपाळला होती. तिच्या कार्यालयात मी होतो आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर सरला. मंगळवारी लोक अर्ज घेऊन येतात. ते घेऊन ठेवायचे, एवढंच माझं काम.

मेधाच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही, असा घरचाच दंडक होता.

मी बसलो.

बाहेर सरलाचा कीबोर्ड वाजत होता.

मग तो थांबला...

मान वर केली, तर समोर एक म्हातारा. पांढरा साफा, हातात कागद. बाहेरच्या दाराची स्प्रिंग कुणीही आलं की किंचाळते. ती वाजली नव्हती.

“विधायक साब, हमारे मुक्तिधाम पे छत नी है. सब भीग रिया है.”

विधायक साब. मला!

“मी विधायक नाही” एवढंच म्हणायचं होतं. पण बावीस वर्षं ज्या शब्दासाठी तळमळलो, तो ऐकायला मिळाला होता. मी कागद घेतला. सही केली, शिक्का मारला आणि ऐटीत म्हणालो, “हो जाएगा, बा साब.”

त्याने हात जोडले. मी कागद फाईलमध्ये ठेवायला वळलो...

खोलीत कुणी नव्हतं. बाहेर कीबोर्ड पुन्हा वाजू लागला.

“सरला, आत्ता कोण गेलं?”

“कोई नी आया, भिया.”

शनिवारी मेधा परतली. अर्ज वाचला आणि खालचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

“भावजी, हे भेरूलाल पटेल? ह्यांच्या उठावन्याला मी स्वतः गेले होते. होळीनंतर.”

मी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. मला सही करायचीच घाई होती त्या दिवशी, वरची ओळ वाचलीच नव्हती...

‘माननीय विधायक श्री अजेय मुजुमदार.’

“तुम्ही काय म्हणालात त्यांना?” तिने विचारलं.

“होईल म्हणालो.”

“मग करायलाच हवं.”

तिने विधायक निधीतून त्या स्मशानात पत्र्याची शेड मंजूर केली. दिवाळीआधी उभीही राहिली. पाटीवर नाव तिचं. भीती बाजूलाच राहिली, माझा पापड मोडला. शब्द मी दिला आणि पाटी हिची!

डिसेंबरात ती पुन्हा अधिवेशनाला गेली. दुपारी कीबोर्ड थांबला...

तोच साफा. त्याच्या मागे आणखी तिघं. एक बाई, तोंडावर पदर ओढलेली.

“साब ने बोला था, हो गया,” म्हातारा त्यांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “अब इनकी भी सुन लो.”

तेव्हापासून प्रत्येक अधिवेशनात येतात. मागच्या खेपेला रांग बाहेरच्या खोलीपर्यंत होती, सरलाच्या खुर्चीला लागून. तिला काही दिसलं नाही. नंतर मी मेधाची डायरी काढतो. उठावन्यांच्या यादीत सगळ्यांची नावं सापडतात.

हे थांबवणं अवघड नाही. “मी विधायक नाही” इतकं म्हटलं की ते जातील आणि परत येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तोंड उघडतो...

आणि “हो जाएगा” म्हणतो.

सोमवारपासून अधिवेशन आहे. मेधा उद्याच भोपाळला निघतेय. मी माझा चांगला कुर्ता इस्त्रीला दिलाय.