तीन दगडांचा वाडा

"ओ ताई, पोरगी धरा की! मोबाईल मागनं बघा!"

दौंड स्टेशनच्या बाहेर, रिक्षांच्या गर्दीत कुणीतरी खेकसलं. प्रतिभा मान वर करून बघते तर सायलीचा हात तिच्या हातात नव्हता. रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता. त्याच्या मागं धावत सुटलेल्या तिच्या पाच वर्षांच्या लेकीला एका उंच माणसानं जॅकेटच्या टोपीला धरून, मांजराचं पिल्लू उचलावं तसं अलगद बाजूला घेतलं होतं. पाठोपाठ उसाचा ट्रॅक्टर धडधडत निघून गेला.

प्रतिभा धावली. आधी लेकीला कवटाळलं, मग चाचपलं... गुडघे, कोपर, कपाळ. मग वर पाहिलं.

त्या माणसाचा हात अजून टोपीतच होता. तो हलेना, टोपी सुटेना.

"ताई कुणाला म्हणतोस रे?" ती म्हणाली. आवाजातला ठसका अकरा वर्षांपूर्वीचाच.

इंद्रजीतनं टोपी सोडली. ओठांवर हसू आलं — आणि डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत थांबलं.

"चुकलं. वळख लागली न्हाई. केस कापलेत तुम्ही."

तुम्ही! शिरूरच्या कॉलेजात तीन वर्षं एका बाकाच्या अंतरावर बसलेला माणूस, आणि तुम्ही म्हणतोय. तिला वाटलं, यापेक्षा ताई बरं होतं.

भाऊ संपत घ्यायला येणार होता, पण कंपनीतली शिफ्ट लांबल्याचा निरोप आत्ताच फोनवर आला होता. तोच वाचताना हात सुटला होता. तिनं ते सांगताच इंद्रजीतनं दोन्ही बॅगा उचलल्या आणि पिकअपच्या हौद्यात, पेंडीच्या पोत्यांवर ठेवल्या. "न्हावऱ्यालाच चाललोय. या."

पुढं तिघं बसले. मध्ये सायली. खिडकीतून नोव्हेंबरचं ऊन आणि तोडलेल्या उसाचा गोडसर वास आत येत होता.

"काका, आम्ही ना, आमचा वाडा बघायला आलोय," सायली म्हणाली. "आईचा. खूप मोठा आहे. त्यात दोनशे जण राहायचे."

प्रतिभानं झटकन बाहेर पाहिलं. कान तापले होते.

इंद्रजीतनं गिअर बदलला. आरशातून एकदा तिच्याकडं, मग समोर. "दोनशे दहा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आन् एक घोडं."

"घोडा पण?"

"मग! घोड्याबिगर कसला वाडा?"

प्रतिभाला हसू आवरेना, आणि त्याच वेळी रडूही येईल असं वाटायला लागलं.

वाडा म्हणजे काय, हे तिला इथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडं, कुत्री, चूल आणि माणसं. आज इथं, उद्या पुढच्या रानात. दिवाळी झाली की आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, वाडा कोकणाकडं निघायचा आणि वाटेत आठ दिवस न्हावऱ्यात, इंद्रजीतच्या वडिलांच्या म्हणजे भिमाजी आप्पांच्या रानात बसायचा. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून आप्पा स्वतः टोपी घालून, नारळ घेऊन आबांकडं यायचे. "रखमाजी, औंदा वाडा आमच्यात बसवा." मागं गुळाचा खडा चघळत उभा असायचा इंद्रजीत.

पण नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या मराठी मंडळात, गणपतीच्या मांडवात कुणीतरी कौतुकानं विचारलं होतं, "गावाकडे घर कसं आहे हो तुमचं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वाडा होता आमचा." "अय्या! किती चौकी?" प्रतिभानं दोन बोटं वर केली. झालं. त्या दोन बोटांमधून दरवाजे निघाले, जिने निघाले, आणि रात्री लेकीला झोपवताना त्या वाड्याच्या गोष्टीही निघाल्या.

सायकलवरून लेकीला शाळेत सोडताना वाटेत तिथल्याही मेंढ्या दिसायच्या. तारेच्या आत, कानात पिवळे बिल्ले, राखायला कुणी नाही. एकदा रिमझिमीत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तिनं आबांसारखी जिभेनं हाळी दिली होती — हिर्रर्र! एकीनंही मान वर केली नाही. त्या दिवशी ऑफिसात तिला कामच सुचलं नव्हतं.

भीमेच्या पुलावर इंद्रजीतनं हळूच विचारलं, "पोरीचे पप्पा?"

"तिथंच असतात. वेगळे राहतो आम्ही... दोन वर्षं झाली. सायली दर बुधवारी आणि एक सोडून एक शनिवार-रविवार त्यांच्याकडं. कोर्टाचा कागद आहे." ती थांबली. "तिला सोडून मी कुठं राहू शकत नाही आणि तिला घेऊन कायमची कुठं जाऊ शकत नाही."

पूल संपेपर्यंत त्यानं गाडी फार हळू चालवली.

मेंढरं विकल्यावर आबांनी न्हावऱ्यातच घर केलं होतं. पुढचे दोन आठवडे तो तिथं काही ना काही निमित्तानं येत राहिला. कधी सायलीला करडू दाखवायला, कधी आबांच्या गोळ्या शिरूरहून आणून द्यायला.

"तुमच्याकडं काम नसतं का?" प्रतिभानं चिडवलं.

"हाय की. हे काय करतोय मग?"

"हे काम आहे?"

"लई अवघड काम हाय," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं तसं न्हाई."

"'तू' म्हण आधी मला."

"म्हणंन. सवय मोडली की." आणि असं म्हणून नेमका गेला. त्या संध्याकाळी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं.

निघायला चार दिवस उरले असताना इंद्रजीतची आई, सोजराबाई, दुधाची कासंडी घेऊन आल्या. सायलीच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. मग ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या.

"प्रतिभा, रागावू नको बाई. पाबळचं स्थळ आलंय त्याला. पोरगी शिकल्याली हाय, गुणाची हाय. तेहेतीस सरली त्याची. मळ्यात ठिबक टाकायचंय, म्हणतो, टाकू, पण ते तीन दगड सोडून."

"कुठले दगड, मामी?"

"तू मांडलेली चूल! तुझ्या आईला ताप आला व्हता, तवा पंधरा वर्साची तू, तूच मांडलीस न्हाई का त्या बाभळीखाली? तुमची मेंढरं इकली, वाडा बंद झाला, पण ह्यो ट्रॅक्टर वळवून घेतो तिथनं. म्हणतो, जिनं चूल मांडली तिनंच मोडायची असती, तुझी आई सांगायची त्याला." त्यांचे डोळे भरले. "तुला दोष न्हाई देत मी. त्यानं इचारलं, तू न्हाई म्हणालीस. आमच्यात-तुमच्यात असं लगीन कुणाचं झालं बी नव्हतं. पण आता... तूच मोड बाई ती. सुटू दे त्याला."

प्रतिभाचा हात कासंडीवरच राहिला.

"मामी — मला कधी विचारलं त्यानं?"

सोजराबाई खांबाचा टेका सोडून सरळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सायलीचा हात घट्ट धरून मळ्यात गेली. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं. बांधाजवळच्या बाभळीखाली सरीच्या रेघा एका जागी वाकून पुढं गेल्या होत्या, आणि त्या वाकणात तीन दगड. आतल्या बाजूनं अजून काळे.

इंद्रजीत पाइपांची भेंडोळी उतरवत होता. तिला पाहून थांबला.

"तू मला कधी विचारलंस?" तिनं सरळच विचारलं.

त्यानं हात पँटला पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"शिरूरच्या स्टँडवर. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी. तुझ्या मैत्रिणी व्हत्या संगं."

तिला तो दिवस आठवला — कसा विसरणार! कॉलेजात तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, की सुट्टीत ती मेंढरांमागं चालते. आणि हा सगळ्यांदेखत येऊन उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "प्रतिभा, आमच्या रानात वाडा कधी बसवतेस?" मैत्रिणी फिस्सकन हसल्या. एक म्हणाली, "अगं, तुम्ही मेंढरंवाले?" प्रतिभा मान खाली घालून एसटीत चढली होती. पुढं पुणं, नोकरी, लग्न, विमान... त्या एका वाक्यापासून ती लांब लांब जात राहिली होती.

"मला वाटलं, तू माझी जात काढलीस. चारचौघांत."

"जात?" तो खरंच दचकला. "येडी का तू? आमच्या घरात सगळ्यात मानानं कुणाला बोलवायचं तर ते वाड्याला. आप्पा टोपी घातल्याबिगर जायचे न्हाईत तुझ्या आबांकडं. मला दुसरे शब्दच ठाऊक नव्हते गं... पिशवीत नारळ बी व्हता."

"नारळ?"

"व्हता की. तू गेलीस. मी तिथंच उभा. मग स्टँडवरच्या मारुतीला फोडला."

तिला हसू आलं. हसता हसता ती तिथंच ढेकळांवर खाली बसली आणि हसू कुठं संपून रडू कुठं सुरू झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. तो थोड्या अंतरावर उकिडवा बसला. हात पुढं केला... मग मातीवरच ठेवला. तिनं आपला हात त्याच्याजवळ ठेवला. मध्ये चार बोटांचं अंतर. ते दोघांनीही मिटवलं नाही.

"मी हो म्हणाले असते रे," ती म्हणाली. "नारळ आधी दाखवला असतास तर."

"आता इचारलं तर?"

सायली बांधावर बसून बाभळीच्या शेंगा गोळा करत होती. प्रतिभानं सवयीनं तिच्याकडं पाहिलं. काटे आहेत, टोचतील. त्या बघण्यातच इंद्रजीतला उत्तर मिळालं.

"येऊ का मी तिकडं?" त्यानं विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "आप्पांना आता उठवून बसवावं लागतं."

"माहितीय."

"सोळा वर्साची झाली की सुटंल का कागदातनं?"

"अकरा वर्षं आहेत अजून."

"अकरा काढलीत मी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "आणखी अकरा नाही काढायची. पाबळला जा, इंद्रजीत."

ती उठली. पहिला दगड दोन्ही हातांनी हलवला. तो जमिनीत रुतून बसला होता, नखं भरली. तो निघाला तशी खालून गारशी, ओली माती दिसली. दुसरा लवकर निघाला. तिसऱ्याला हात घातला, तेवढ्यात त्यानं त्या दगडावर तळवा ठेवला.

"ह्यो राहू दे. एका दगडावर चूल पेटत न्हाई," तो म्हणाला. "पण बसायला व्हतो."

"आई, काय मोडतेस?" सायली धावत आली. "आणि वाडा कुठंय?"

प्रतिभानं तिला जवळ घेतलं. या वेळी बोटं वर केली नाहीत. "हाच," ती म्हणाली. "इथंच होता. दारं नव्हती त्याला. मेंढरं होती, एक घोडं होतं, आणि मी होते."

मेमध्ये संपतनं फोटो पाठवला. फेटा बांधलेला इंद्रजीत, शेजारी पाबळची नवरी. प्रतिभानं तो मोठा करून पाहिला. नवरीचे डोळे हसरे होते. बरं वाटलं. मग तिनं घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

आणि सप्टेंबरात, गणपतीच्या मांडवात, नव्यानं आलेल्या एक बाई सायलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुमचा म्हणे मोठा वाडा आहे गावाला?"

मोदकांचं ताट घेऊन येणारी प्रतिभा जागच्या जागी थांबली.

"हो," सायली म्हणाली. "मेंढरांचा. चूल तीन दगडांची होती. दोन आईनं काढले."

"आणि तिसरा गं?"

"तिसरा त्या काकांनी काढू दिला न्हाई."

तो 'न्हाई' अगदी तसाच होता, भीमेकाठचा. प्रतिभानं ताट खाली ठेवलं आणि लेकीचा शब्द दुरुस्त केला नाही.