मालकाच्या हातची किल्ली

निपाणीबाहेर तंबाखूच्या खळ्यावर राखणीला बसलेल्या पोरांपैकी एकानं भावाच्या स्कूटरची किल्ली हरवली होती. घरी जाऊन काय सांगायचं या काळजीत तो, आणि बाकीचे त्याची टर उडवण्यात दंग. परशरामआप्पा तेवढे हसले नाहीत.

"खिदळतासा काय रं? किल्ली हरवली तर नवी करून घ्यावी. पन ती पयल्यांदा फिरवायची कुनी, हे ठावं हाय का?"

आप्पांनी विडी शेकोटीत टाकली.

"मष्णूला ठावं हुतं. माझा मावसभाऊ त्यो. ठावं असून चुकला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

अनगोळचा मष्णू बेळगावात बाजाराच्या तोंडाशी पेटी मांडून किल्ल्या करायचा. लोकांना वाटतं किल्ली म्हणजे किल्ली. त्याला तसं म्हटलेलं खपत नसे. ट्रंकेची पोकळ नळीची, कपाटाची लांब दांड्याची, सायकलची म्हणजे नुसता पत्रा. या तो गप्पा मारता मारता करून द्यायचा. मोटारीची किल्ली मात्र नखरेल. चपटी, अंगाला खाच, काठाला दात. आणि एकीवर भागत नाही, दाराची वेगळी नि इंजिनाची वेगळी. तिच्यावर नंबर कोरलेला असला आणि तो टिपून ठेवला, तर कंपनीकडून तशीच मागवता येते. पण टिपतो कोण? बैल गेला नि झोपा केला, अशीच सगळी गिऱ्हाइकं.

ही विद्या त्याला भीमाप्पामामानं दिली, आणि तिच्याबरोबर एक दंडकही दिला. नवी किल्ली बसते का ते अर्धी फिरवून बघावं. पण पहिल्यांदा पुरी फिरवून कुलूप उघडायचं ते मालकाच्याच हातानं. "बंद जागा उघडनाऱ्याला धरून बसती," मामा म्हणायचा. "पयलं तोंड तिला मालकाचं दिसू दे." मष्णूनं पंधरा वर्षांत हा दंडक मोडला नव्हता.

एकोणीसशे ब्याऐंशी साल. जानेवारीची पंचवीस तारीख, सोमवार, पौषातली अवस. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. मष्णू पेटी आवरत होता, तेवढ्यात संकेश्वरजवळच्या एका बागायतदाराच्या घरचा दिवाणजी, देवाप्पा, येऊन उभा राहिला.

"आमची अँबॅसिडर हाय. किल्ल्या हरवल्यात, दोन्ही. उद्या सकाळच्या पारी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"हरवल्या कशा?"

"डायवर नागोजीच्या खिशात हुत्या. त्यो तवंदी घाटात ट्रकखाली गेला. किल्ल्या दरीत कुठं उडाल्या, देवाला ठावं."

"कवाची गोष्ट ही?"

"झाली की नऊ वर्सं."

मष्णू घुटमळला. त्याच्या बायकोचे, मालुबाईचे, दिवस भरले होते. सकाळी निघताना तिनं दोनदा बजावलं होतं, काय बी होऊ दे, रात्री घरी या. पण काम दोन तासांचं, आणि परतीची शेवटची एस्टी मिळत होती. तो निघाला.

उसाच्या फडाला लागून पत्र्याची शेड होती. आत गाडी विटांवर चढवलेली, टायर कधीच बसलेले. मागच्या एका खिडकीला काचेऐवजी फळी ठोकलेली. देवाप्पानं कंदील खांबाला अडकवला आणि तो शेडीच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

मष्णूनं चिमणी पेटवली. कोरी, दात न पाडलेली किल्ली तिच्यावर धरून काळी केली, दाराच्या कुलपात घातली, अलगद दाबून काढली. कुलपातल्या पितळी पत्र्या जिथं अडतात तिथली काजळी पुसली जाते आणि धातू चमकतो. तिथंच कानस चालवायची. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. असं होता होता किल्ली अर्धी फिरली आणि मष्णूनं हात आखडता घेतला.

"बसली. मालकीनबाईंस्नी बोलवा. पयली त्यांनी फिरवायची."

"जयाआक्का? त्या न्हाय येनार. नऊ वर्सांत ह्या शेडीचं तोंड बघितलेलं न्हाय त्यांनी. खोलीला आतनं कडी घालून झोपल्यात. तूच फिरीव की रं! मी च्या घेऊन आलोच."

देवाप्पा गेला. पावलं जरा जास्तच भराभर गेली.

मष्णू किल्ली धरून उभा राहिला. मामा आठवला. मग एस्टी आठवली, मालुबाई आठवली. त्यानं काजळीनं माखलेली किल्ली फिरवली.

खट.

दार उघडलं. आतून कोंदट हवा आली, तिला लकव्यावरच्या तेलाचा वास होता. मष्णू डायव्हरच्या जागी बसला, चिमणी पायाशी ठेवली, दाराची किल्ली खिशात टाकली आणि इंजिनाच्या कुलपाला कोरी किल्ली लावली.

दार बंद झालं.

वाऱ्यानं आपटलं नाही. हळू, कुणी ओढून घ्यावं तसं. चिमणी विझली.

आणि मागची सीट करकरली. कुणीतरी सावरून बसलं.

मष्णूनं दाराचा खटका धरला. फिरत होता, पण धरत नव्हता. पलीकडच्या दाराचाही तसाच. काच खाली घ्यायला गेला, तर तिचा दांडा जागचा हलेना. त्यानं खिशातून दाराची किल्ली काढली आणि अंधारात दार चाचपायला लागला. मग त्याचा हात थांबला.

आतल्या अंगाला किल्लीचं भोकच नव्हतं. किल्ली हातात होती. कुलूप बाहेर होतं.

"नागोजी..."

आवाज मागून आला. म्हातारा. जड जिभेचा.

"आलास व्हय?"

"लई येळ लावलास रं..."

देवाप्पानं एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या रात्री घाटात गाडी बंद पडली तेव्हा मालक मारुतीराव, म्हणजे जयाबाईचे यजमान, मागच्या सीटवर होते. लकव्यानं उजवं अंग लुळं पडलेलं. अंधारात म्हाताऱ्याला कुणी त्रास देऊ नये म्हणून नागोजीनं गाडीला कुलूप लावलं आणि मदत आणायला तो चालत निघाला. मागच्या दारांच्या आतल्या कड्या, नातवंडं पडतील म्हणून, मालकांनीच काढवल्या होत्या. नागोजी ट्रकखाली गेला. गाडीत माणूस आहे हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. मागची काच फोडून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

मष्णूला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ती फळी त्यानं पाहिली होती.

"मी नागोजी न्हवं, मालक..."

"मी किल्लीवाला. मला सोडा. बायको अवघडल्याली हाय घरात..."

अगदी मानेजवळून...

"उघड."

"उघडत न्हाय, मालक."

"...उघड."

काचा धुरकटल्या. मागच्या आधी. मग पुढच्या. बाहेरचा कंदील पिवळा डाग झाला. मष्णूनं काचेवर मुठी आपटल्या. "देवाप्पा! ओ देवाप्पा!" हाक गाडीतल्या गाडीतच राहिली.

"मीबी मारल्या..." मागून आवाज आला. "लई हाका मारल्या."

तेव्हा मष्णूला रडू आलं. भीतीचं होतं, आणि त्या म्हाताऱ्याचंही होतं. छातीत श्वास मावेना. आपलं पोर आपल्याला कधी बघणार नाही, असं त्याला वाटून गेलं. आणि मग मामाचं बोलणं मनात आलं. चूक कुठं झाली ते त्याला समजलं.

"मालक, चुकलो. पयली किल्ली तुमची हुती. तुमच्या हातची."

मागं न बघता त्यानं ती काजळीची किल्ली डाव्या खांद्यावरून मागं धरली.

काही नाही...

काही नाही...

मग बोटं. गार, मऊ. डाव्या हाताची. एकेक करून ती किल्लीभोवती मिटली आणि त्याच्या हातातलं वजन गेलं.

सीट करकरली.

शांत.

इतकं शांत, की फडातली पानं ऐकू येत होती.

आणि दाराच्या बाहेरून...

खट.

मष्णू गाडीतून पडला तो थेट जमिनीवर. उठला, पळाला. वाटेत देवाप्पावर आदळला, चहा दोघांच्या अंगावर सांडला, तरी थांबला नाही. एस्टी गेली होती. रात्र त्यानं मारुतीच्या देवळात दिव्याशी बसून काढली.

"आनि मालुबाई?" स्कूटरवाल्या पोरानं विचारलं.

"दोन दिसांनी पोरगी झाली. चांगली हाय. मधी बोलू नकोस."

उजाडल्यावर मष्णू हत्यारांच्या पेटीसाठी परत आला. एकटा शेडीत जाईना, म्हणून देवाप्पाला हाताला धरून नेलं. गाडीचं दार सताड उघडं. मागच्या सीटवर नऊ वर्षांची धूळ, तिच्यावर साधी सुरकुतीसुद्धा नाही. किल्ली कुठंच नव्हती. सीटखाली नाही, विटांत नाही, वाटेवर नाही.

ते अंगणात आले, तेव्हा घरातून कडी काढल्याचा आवाज झाला. जयाबाई आपल्या खोलीतून बाहेर आली. देवाप्पानं सवयीनं मान खाली घातली आणि मग पुन्हा वर बघितलं.

नऊ वर्षं मोकळ्या असलेल्या तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, काजळीचं बोट उठलं होतं. नीट, जपून टेकवलेलं.

"आक्का..." देवाप्पा म्हणाला. "कपाळाला काय लागलंय तुमच्या..."

तिनं हात वर नेला, पण टेकवला नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या गिऱ्हाइकाला परत लावून दे, देवाप्पा. गाडी द्यायची न्हाय."

आणि पदर पुढं ओढून ती चूल पेटवायला आत गेली.